दूरवैद्यकाचा ‘वापरकर्ता’ कोण?
(डहाणू-तलासरीच्या संदर्भात वापरसुलभतेच्या मापनाची चिकित्सा)

१

कोणत्याही साधनाविषयी ‘ते वापरावयास सोपे आहे काय?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘ते वापरतो कोण?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. हा क्रम दिसावयास साधा आहे. तथापि दूरवैद्यकाच्या, म्हणजे ज्याला आपण टेलिमेडिसिन म्हणतो त्याच्या मूल्यमापनात तो बहुधा पाळला जात नाही. पडद्याला ज्याचे बोट लागते तोच वापरकर्ता, असे आरंभीच गृहीत धरले जाते आणि मग त्याच्या सोयी-गैरसोयीचे मोठ्या काटेकोरपणे मापन होते. मापन काटेकोर असते. मात्र ज्याचे मापन व्हावयास हवे होते ती व्यक्ती पुष्कळदा चौकटीबाहेर राहून जाते.

प्रस्तुत लेखात ही उणीव पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात तपासावयाची आहे. या भागात यंत्राच्या आणि रोग्याच्या मध्ये किती माणसे, किती भाषा आणि किती संकोच उभे असतात हे ध्यानी घेतले, म्हणजे प्रचलित मापनपद्धतींचे गुण व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

२

मानवी घटकांच्या शास्त्राचा उगमच मुळी दोषारोपाच्या चिकित्सेतून झाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यानंतर वैमानिक पंखांच्या झडपा मिटविण्याऐवजी चुकून चाकेच आत ओढून घेत असत आणि विमान जमिनीवर आपटत असे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, दोष वैमानिकाच्या बुद्धीत नसून शेजारीशेजारी बसविलेल्या एकसारख्या दोन खटक्यांत आहे. एका खटक्याला चाकाचा आणि दुसऱ्याला पाचरीचा आकार देताच हाताला स्पर्शानेच फरक कळू लागला. पुढे १९४७ साली फिट्स व जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचे वर्गीकरण केले आणि यंत्ररचनेत बदल करून अशा चुका कमी करता येतात हे दाखविले. या शास्त्राचा मूळ धडा असा की, माणूस चुकला असे म्हणण्यापूर्वी त्याच्यासमोर काय मांडले होते ते पाहावे.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ९२४१ क्रमांकाच्या मानकमालेतील अकराव्या भागाने (१९९८, सुधारित २०१८) वापरसुलभतेची जी व्याख्या केली आहे ती या धड्याशी सुसंगत आहे. विशिष्ट वापरकर्त्यांना, विशिष्ट उद्दिष्टे, विशिष्ट परिस्थितीत, किती परिणामकारकपणे, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने साधता येतात, यावर साधनाची सुलभता ठरते. सुलभता ही यंत्राच्या अंगी असलेली गुणवत्ता नव्हे. ती यंत्र, माणूस, कार्य आणि स्थळ यांच्यामधील संबंध होय. व्याख्या अशी व्यापक असता, मापनाची रूढ साधने मात्र तिच्या मानाने फार संकुचित आहेत. आमचा आक्षेप त्या साधनांवर आहे, व्याख्येवर नाही.

३

जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केलेली ‘सिस्टिम युझेबिलिटी स्केल’ ही दहा विधानांची प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहो हे पाच पायऱ्यांपैकी एका पायरीवर सांगावयाचे आणि अखेरीस शून्य ते शंभर यांमधील एक अंक मिळवावयाचा. ती अल्पावधीत भरून होते आणि दोन साधनांची तुलना तिच्यायोगे करता येते, हे तिचे गुण निःसंशय मोठे आहेत. दूरस्थ आरोग्यसेवेसाठी पिट्सबर्ग येथील अभ्यासकांनी २०१६ साली रचलेली २१ प्रश्नांची प्रश्नावली याहून एक पाऊल पुढची आहे. तिच्यात संभाषणाचा दर्जा, ऐकू येणे, दिसणे, विश्वसनीयता यांचाही विचार केला आहे.

परंतु या दोहोंच्या मुळाशी तीन गृहीतके आहेत. पहिले, उत्तर देणारी व्यक्ती एकटी असते. दुसरे, तिने साधन स्वतः हाताळलेले असते. तिसरे, ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतची पायरी ती मोकळेपणाने निवडू शकते. महानगरातील सुशिक्षित रुग्ण आपल्या घरून, आपल्या फोनवर, आपल्या भाषेत डॉक्टरांशी बोलत असेल, तर ही तिन्ही गृहीतके बव्हंशी खरी ठरतात. ब्रुक यांच्या प्रश्नावलीत साधन वारंवार वापरण्याच्या इच्छेविषयीही विधान आहे. कार्यालयातील लेखनयंत्रासंबंधी ते योग्यच आहे, मात्र आजारी माणसास ते विचारणे म्हणजे वारंवार आजारी पडावयास आवडेल काय, असे विचारण्यासारखे होते. शिवाय तिच्यातील विधाने आळीपाळीने अनुकूल व प्रतिकूल असतात. प्रतिकूल विधानाशी ‘असहमत’ होणे म्हणजे साधनाची स्तुती करणे, हा नकाराचा नकार भाषांतरात आणि तोंडी विचारणीत सहज निसटतो.

४

आता प्रत्यक्ष स्थळाकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तर टोकाला डहाणू व तलासरी हे तालुके गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांच्या सीमेला लागून आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात दोन तृतीयांशांहून अधिक, तर तलासरीत सुमारे नऊ दशांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली समाज त्यांत प्रमुख आहे. डहाणूची किनारपट्टी रेल्वेने जोडलेली, चिकूच्या वाड्यांची, मराठी-गुजराती बोलणारी आहे. पूर्वेकडील डोंगराळ पाड्यांत वारली बोली चालते आणि भातकापणीनंतर पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी बाहेर जातात. एकाच तालुक्याच्या पोटात ही दोन जगे आहेत. म्हणून पाच वापरकर्ते तपासले की बहुतेक दोष सापडतात, हा नील्सन व लँडावर यांच्या १९९३ च्या अभ्यासावरून रूढ झालेला संकेत येथे जपूनच वापरला पाहिजे. ते पाचही जण डहाणू रोड स्थानकाच्या आसपासचे असले, तर गडचिंचल्याच्या बाजूच्या रोग्याविषयी त्यांच्याकडून काय कळणार?

केंद्र शासनाची ‘ई-संजीवनी’ ही सेवा मोहालीच्या सी-डॅक संस्थेने विकसित केली. तिचा एक मार्ग २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाला; त्यात आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घेतो. दुसरा मार्ग टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये खुला झाला. त्यात रुग्ण घरूनच डॉक्टरांशी बोलतो. डोंगराळ व आदिवासी भागात सुमारे ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. तेव्हा आपल्या या दोन तालुक्यांत पहिल्या मार्गाचे महत्त्व अधिक, हे उघड आहे.

या मार्गाने होणाऱ्या एका सल्लामसलतीचे चित्र कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. पाड्यावरची एक स्त्री आशाताईंबरोबर उपकेंद्रात येते. ती वारलीत बोलते. आशाताई ते मराठीत सांगतात. समुदाय आरोग्य अधिकारी ते ऐकून पडद्यावर इंग्रजीत नोंदवितो. दूरचा डॉक्टर ती नोंद वाचून हिंदीत किंवा मराठीत दोन प्रश्न विचारतो. आणि ते प्रश्न त्याच पायऱ्यांनी खाली उतरतात. येथे वापरकर्ता कोण? पडद्याला हात लागला तो केवळ अधिकाऱ्याचा. प्रश्नावली त्याच्यापुढे ठेवली तर तो प्रामाणिकपणे उत्तम गुण देईल, कारण त्याच्यापुरते साधन खरोखरच सोपे आहे. रोग्याचे म्हणणे पोहोचले की नाही, याचा त्या गुणांशी काहीही संबंध नाही.

५

म्हणणे पोहोचण्याचा प्रश्न किती नाजूक आहे हे पाहण्यास वारलीपर्यंतही जावयास नको. प्रमाण मराठीतच त्याची साक्ष मिळते. ‘अंगावरून जाते’ असे एखादी स्त्री म्हणते तेव्हा तिला पांढरा स्राव अभिप्रेत असेल वा रक्तस्रावही. ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हटले की तो पक्षाघात होतो. पहिल्या अर्थाने ती आठवड्याने आली तरी चालेल. दुसऱ्या अर्थाने, आणि ती गरोदर असल्यास तर विशेषच, तिला तत्काळ रुग्णालयात हलविले पाहिजे. तिसऱ्या अर्थी एक-एक मिनिट मोलाचे आहे. समोरासमोरच्या तपासणीत डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे, चालण्याकडे, लुगड्याकडे पाहून अर्थ निश्चित करतो. पडद्यावर त्याला एक इंग्रजी शब्द दिसतो. तो शब्द कोणी, कोणत्या घाईत निवडला, हे त्याला दिसत नाही. त्यात संकोचाची भर पडते; उपकेंद्रात पुरुष अधिकारी समोर बसला असता स्त्री यापैकी काहीच न म्हणता ‘कंबर दुखते’ एवढेच म्हणण्याचा संभव असतो.

येथे चूक झाली तर ती कोणाच्या नावावर लिहिली जाईल? रूढ वृत्ती अशी की, आशाताईंनी नीट सांगितले नाही, किंवा बाईने नीट सांगितले नाही. फिट्स व जोन्स यांच्या काळी ‘वैमानिकाची चूक’ असे जे म्हटले जाई, त्याचीच ही पुनरावृत्ती होय. नोंदीच्या पडद्यावर रोग्याचे स्वतःचे शब्द देवनागरीत लिहिण्यास किंवा त्याच्या आवाजात डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्यास जागा आहे काय, दुभाष्याचे काम कोणी केले याची नोंद होते काय, हे प्रश्न यंत्ररचनेचे आहेत आणि त्यांची उत्तरे रचनाकाराने द्यावयाची आहेत.

संमतीच्या बाबतीतही हेच दिसते. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाने स्वतः सल्लामसलत सुरू केल्यास त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचाऱ्याने ती सुरू केल्यास मात्र स्पष्ट संमती घ्यावी लागते. तत्त्व उत्तम आहे. परंतु संमतीचा किंवा ओळखीचा पुरावा म्हणून फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक मागितला आणि घरातील एकमेव फोन मजुरीला गेलेल्या नवऱ्याच्या खिशात असला, तर संमती कोणाची? ज्या समाजाने वेठ व लग्नगडीची प्रथा सोसली आणि तिच्याविरुद्ध १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे एकत्र येऊन आवाज उठविला, त्या समाजाला न कळलेल्या कागदावरील अंगठ्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. न समजता दाबलेली कळ आणि न वाचता उठविलेला अंगठा यांत फार अंतर नाही.

६

आणखी एक दोष मापनाच्या नमुन्यातच दडलेला आहे. प्रश्नावली भरली जाते ती सल्लामसलत पूर्ण झालेल्यांकडून. जोडणी तुटली म्हणून परत गेलेला, रांग पाहून उठलेला, किंवा यंत्रापेक्षा वापी वा सिल्वासा बरे असे ठरवून थेट तिकडे गेलेला रोगी या नमुन्यात येतच नाही. सर्वाधिक गैरसोय ज्याची झाली तोच गणनेतून वगळला जातो, आणि उरलेल्यांचे समाधान मोजून आपण समाधानी होतो. जे उरतात तेही आपल्या उपकेंद्रातील ताईंसमोर, आपल्याशी सौजन्याने वागणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, ‘असहमत’ म्हणावयास धजत नाहीत. तो होकार सभ्यतेचा असतो; त्याला साधनाविषयीचे मत समजणे ही अभ्यासकाची भूल होय.

७

मग करावे काय? प्रश्नावल्या टाकून द्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे स्थान ठरवावे एवढेच म्हणणे आहे. अधिकाऱ्याला साधन सोपे जाते काय, हे त्यांनी जरूर मोजावे. परंतु मूल्यमापनाचे एकक एक व्यक्ती न धरता एक सल्लामसलत धरावी. रोग्याने सांगितलेली तक्रार आणि डॉक्टरापर्यंत पोहोचलेली तक्रार शेजारीशेजारी मांडून त्यांतील तफावत पाहावी. डॉक्टरांनी सांगितलेले औषध केव्हा, किती व कशासाठी घ्यावयाचे, हे रोग्याने आपल्या बोलीत परत सांगावे; ही प्रति-कथनाची पद्धत वैद्यकक्षेत्रात परिचित आहे आणि तिला अक्षरज्ञान लागत नाही. अर्धवट सुटलेल्या सल्लामसलतींची वेगळी नोंद ठेवावी. आणि आशाताईंना निरोप्या न समजता साधनाच्या वापरकर्त्या समजून त्यांच्याही श्रमाचे मापन करावे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही रीत वेळखाऊ आहे व तिच्यातून तुलनेसाठी एक सुटसुटीत अंक मिळत नाही. हा आक्षेप खरा आहे; मात्र भलत्याच गोष्टीचा सुटसुटीत अंक मिळण्यापेक्षा योग्य गोष्टीचे ओबडधोबड वर्णन अधिक उपयोगी पडते. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. जेथे तज्ज्ञ डॉक्टर मुळातच पोहोचत नाही, तेथे अपुरा सल्लाही सल्ला नसण्यापेक्षा बरा. असे असता या चिकित्सेने उपयुक्त सेवेविषयी अविश्वास तर निर्माण होणार नाही ना? आमच्या मते याचे उत्तर असे की, सेवेची गरज जितकी मोठी, तितकी तिची परीक्षा अधिक कसून व्हावयास हवी; कारण येथील रोग्याला दुसरा पर्याय जवळ नाही. शहरातील माणूस गैरसमज झाला तर दुसऱ्या डॉक्टराकडे जातो. पाड्यावरच्या माणसाला त्या गैरसमजासहच घरी परतावे लागते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूतच आहे. या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास क्षेत्र दूर नाही. मात्र त्याने तेथे जाताना भाषांतरित प्रश्नावली बरोबर नेण्यापूर्वी चार दिवस उपकेंद्राच्या ओट्यावर बसून कोण कोणाशी, कोणत्या भाषेत बोलते, एवढेच ऐकावे. वापरकर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याला तेथे मिळेल. आणि ते मिळाल्यावाचून केलेले मापन कितीही काटेकोर असले तरी ते दुसऱ्याच कोणाचे तरी मापन असेल.