संध्याकाळचे वर्ग आणि वाङ्मयीन मूल्यनिर्णयाचा प्रश्न

१

प्रौढांसाठी संध्याकाळी भरणारा लेखनवर्ग हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा मानले जात नाही. एकाच इमारतीत एका खोलीत कुंभारकाम, दुसरीत भरतकाम आणि तिसरीत कथालेखन शिकवले जात असेल, तर ती जागा शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाकडे सोपवून समीक्षक मोकळा होतो. या वृत्तीमागे एक गृहीतक आहे. साहित्यनिर्मिती ही प्रतिभेची गोष्ट, तर छंद ही फावल्या वेळाची, असे ते गृहीतक होय. तेथे लिहिले जाणारे लेखन मग वाङ्मयीन चिकित्सेच्या कक्षेबाहेरच राहते. इंग्लंडमधील प्रौढशिक्षणाचा इतिहास पाहिला असता हे गृहीतक किती डळमळीत आहे हे ध्यानात येते. कारण आज ‘सांस्कृतिक अभ्यास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीक्षाव्यवहाराची जडणघडण मोठ्या प्रमाणात अशाच वर्गांतून झालेली आहे.

२

अल्बर्ट मॅन्सब्रिज यांच्या पुढाकाराने १९०३ साली स्थापन झालेल्या कामगार शिक्षण संघटनेने विद्यापीठांच्या साह्याने प्रौढांचे वर्ग सुरू केले. १९०८ च्या जानेवारीत आर. एच. टॉनी यांनी रॉचडेल आणि लाँगटन येथे आर्थिक इतिहासाचे पहिले वर्ग घेतले. पैकी लाँगटनचा वर्ग शुक्रवारी संध्याकाळी भरत असे. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा, विद्यार्थ्यांनी नियमितपणे लिहावयाचे निबंध आणि तीन वर्षांची बांधिलकी असा या वर्गांचा आराखडा होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे चर्चेला व्याख्यानाइतकाच वेळ दिलेला आहे. शिक्षकाचा अधिकार अबाधित असला, तरी त्याला दर आठवड्याला आपल्या विधानांचे समर्थन अशा माणसांसमोर करावे लागे, की ज्यांना पदवीची अपेक्षा नव्हती आणि म्हणून त्याची मर्जी राखण्याचेही कारण नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच व्यवहार साहित्याच्या क्षेत्रात अधिक फलदायी ठरला. रेमंड विल्यम्स हे १९४६ ते १९६१ या काळात ऑक्सफर्डच्या बहिःशाल विभागाचे शिक्षक होते. रिचर्ड हॉगर्ट १९४६ पासून हल येथे, तर ई. पी. टॉम्पसन १९४८ पासून लीड्स येथे तेच काम करीत होते. हॉगर्ट यांचा ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ (१९५७), विल्यम्स यांचा ‘कल्चर अँड सोसायटी’ (१९५८) आणि टॉम्पसन यांचा ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ (१९६३) हे तीनही ग्रंथ याच कालखंडातले आहेत. सांस्कृतिक अभ्यासाचा आरंभ या ग्रंथांपासून मोजणे दिशाभूल करणारे आहे, तो प्रौढांच्या वर्गांपासून मोजला पाहिजे, अशी भूमिका विल्यम्स यांनीच १९८६ च्या एका व्याख्यानात घेतली होती.

विल्यम्स यांच्या या भूमिकेचा व्यत्यास मात्र फारसा तपासला गेलेला नाही. वर्गात शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही लिहीत होते. वाङ्मयेतिहासात उरले ते शिक्षकांचे ग्रंथ. विद्यार्थ्याचा निबंध हा त्याच्या आकलनाचा पुरावा मानला गेला, स्वतंत्र संहिता मानला गेला नाही. संस्कृती ही सर्वांची सामान्य गोष्ट आहे असे प्रतिपादन करणाऱ्या परंपरेतही वाचन सर्वांचे आणि लेखन मात्र मोजक्यांचे, ही विभागणी व्यवहारात टिकून राहिली. विल्यम्स यांच्या विचारातील हा अंतर्विरोध त्यांच्या वैयक्तिक मर्यादेतून आलेला नाही. वर्गाच्या रचनेतच तो होता. टीका शिकवणारा वर्ग निर्मितीला दुय्यम स्थान देणार, हे उघड आहे.

३

ही विभागणी १९७० नंतर प्रत्यक्षात मोडू लागली. लंडनच्या हॅकनी भागातील ‘सेंटरप्राइज’ (१९७१) आणि ब्रायटन येथील ‘क्वीनस्पार्क’ (१९७२) यांसारख्या उपक्रमांतून परिसरातील सामान्य रहिवाशांच्या आत्मकथा, कविता, आठवणी छापल्या जाऊ लागल्या. १९७६ मध्ये अशा लेखकगटांचा व प्रकाशनांचा एक महासंघ स्थापन झाला. आर्ट्स कौन्सिलकडे त्याने अर्थसाहाय्य मागितले, तेव्हा या लेखनात पुरेसे वाङ्मयीन मूल्य नाही असा आक्षेप घेण्यात आला. उलट बाजूने, या लेखनाचे स्वागत करणाऱ्यांनी त्याचा गौरव बहुधा ‘अस्सल अनुभव’ आणि ‘सामाजिक दस्तऐवज’ अशा शब्दांत केला.

वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः एका बाबतीत त्यांचे मतैक्य आहे: दोहोंपैकी कोणीही हे लेखन रूपाच्या अंगाने वाचलेले नाही. हॅकनीतील आत्मकथनांचे उदाहरण घेता येईल. यांपैकी काही ध्वनिमुद्रित कथनांतून तयार झालेली होती. अशा संहितेत कथनाचा क्रम निवेदक एकटा ठरवीत नाही. ऐकणाऱ्याने विचारलेला प्रश्न, त्यामुळे लांबलेला एखादा प्रसंग, लिप्यंतर करताना गाळलेली पुनरुक्ती, बोलीचे किती विशेष ठेवायचे याविषयीचा निर्णय, या सर्वांतून संहितेला आकार येतो. ‘लेखक’ ही संकल्पना येथे विरघळत नाही, पण ती वाटली जाते. आधुनिकतावादी समीक्षेने ज्या एकसंध, स्वयंपूर्ण कलाकृतीवर आपली परिभाषा बेतली, ती परिभाषा येथे अपुरी पडते. परिभाषा अपुरी पडली म्हणून मूल्य नाही, असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष होय. आणि ‘अस्सल’ म्हणून त्या लेखनाला चिकित्सेतून सूट देणे हा त्याचाच सौम्य अवतार होय. कारण ज्याच्याकडून रूपाची अपेक्षाच ठेवायची नाही, त्याला लेखक मानलेले नसते.

४

लेखन शिकवता येते काय, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राला अपरिचित नव्हता. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि काव्यज्ञांच्या शिक्षणानुसार केलेला अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा एकच हेतू मानले. अकराव्या शतकात काश्मीरमध्येच लिहिणाऱ्या क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरणा’त शिष्यांचे अल्पप्रयत्नसाध्य, कृच्छ्रसाध्य आणि असाध्य असे तीन प्रकार सांगितले आणि छंदाचा सराव व्हावा म्हणून आरंभी अर्थाची चिंता न करता रचना करण्याचा मार्गही सुचवला. व्याकरण आणि तर्क यांनी ज्याची संवेदना करपून गेली आहे, त्याची गणना त्याने असाध्यांत केली, हे समीक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. लेखनाच्या वर्गाची कल्पना पाश्चात्त्य विद्यापीठांतून आली असे मानण्याचे, तेव्हा, कारण नाही.

असे असले तरी या परंपरेचा दाखला जपून द्यावयास हवा. क्षेमेंद्राच्या शिष्याला कवी व्हावयाचे आहे. सहृदयांच्या सभेत त्याची परीक्षा होणार आहे. संध्याकाळच्या वर्गात येणाऱ्या व्यक्तीचे उद्दिष्ट तसे असेलच असे नाही. कोणाला आईविषयी एकदाच लिहावयाचे असते, कोणाला सोडून आलेल्या गावाविषयी. शिक्षणाची पायरी आणि शिक्षणाचे फळ यांतील अंतर येथे पुसले जाते. अभ्यास म्हणून लिहिलेली गोष्टच अनेकदा अखेरची गोष्ट ठरते.

या दृष्टीने मराठीतील एका जुन्या उदाहरणाचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. जोतीराव फुले यांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ते साल १८५५. त्याच वर्षी त्यांच्या मुलींच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. तो प्रौढ वर्गातला नव्हे. पण तो विद्यार्थ्याचा निबंध आहे आणि त्याच वेळी मराठी वैचारिक गद्यातील एक स्वयंपूर्ण संहिता आहे. त्याचा उल्लेख प्रायः सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून होतो. त्यातील प्रश्नार्थक वाक्यांची योजना, धर्मग्रंथाच्या अधिकारालाच उलटून विचारलेला जाब, अनुभवाकडून युक्तिवादाकडे होणारी वाटचाल यांची चर्चा त्या मानाने विरळ आहे. ‘दस्तऐवज’ या कोटीने संहितेचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

५

मूल्यनिर्णयाचा हा प्रश्न ग्रंथांपुरता मर्यादित राहत नाही. १९९२ च्या ब्रिटिश कायद्याने प्रौढांच्या अभ्यासक्रमांची विभागणी केली. पात्रता, व्यवसाय, मूलभूत साक्षरता इत्यादींकडे नेणारे अभ्यासक्रम कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आले व त्यांच्या अनुदानाची जबाबदारी राष्ट्रीय मंडळावर पडली. उरलेले, फुरसतीचे मानले गेलेले वर्ग स्थानिक प्रशासनांकडे राहिले. प्रमाणपत्राकडे न नेणारा लेखनवर्ग त्यामुळे भरतकामाच्या आणि कुंभारकामाच्या रांगेत जाऊन बसला. २००० सालच्या कायद्याने ही व्यवस्था बदलली, परंतु ‘उपयुक्त’ आणि ‘छंद’ हा भेद धोरणाच्या भाषेत रुजला होता. तोवर लेखनकौशल्य विद्यापीठांत प्रतिष्ठित झाले होते. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने त्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७० मध्येच सुरू केला होता. एकच कृती पदवीच्या छायेत वाङ्मय आणि संध्याकाळच्या खोलीत करमणूक ठरावी, याचे समर्थन वाङ्मयीन निकषांवर करता येत नाही.

कुंभारकामाच्या शेजारी बसण्यात लेखनाची मानहानी झाली, असे मानण्याचीही गरज नाही. हातातील मातीचा प्रतिकार ओळखण्याची शिस्त आणि वाक्याचा प्रतिकार ओळखण्याची शिस्त यांत साम्य आहे. आणि वर्गातील मंडळी ते साम्य समीक्षकांपेक्षा लवकर ओळखतात. भांडे तडकले तर ते का तडकले हे तेथे स्पष्टपणे सांगितले जाते. कथा फसली तर ती कोठे फसली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणारा वाचक त्या कथेला मिळावयास हवा. टॉनी यांच्या वर्गात चर्चेसाठी राखून ठेवलेला दुसरा तास याच कामासाठी होता. विद्यार्थ्यांच्या लेखनाच्या बाबतीत समीक्षेने तो तास अद्याप भरवलेला नाही.