‘द अल्फाबेट’ : बिघडलेल्या यंत्राचा आवाज

फिलाडेल्फियात चित्रकला शिकताना डेव्हिड लिंच यांनी १९६७ साली पहिली चलच्चित्रकृती केली. ती पाहून एका रसिकाने दुसरीसाठी पैसे दिले. जुना बोलेक्स कॅमेरा घेऊन लिंच यांनी कित्येक आठवडे चित्रण केले. फीत धुऊन आली, तेव्हा तीवर काहीच ओळखू येईना. कॅमेराच बिघडलेला! उरलेल्या पैशांत १९६८ साली चार मिनिटांचा ‘द अल्फाबेट’ झाला. तान्ह्या लेकीचे रडणे टिपताना ध्वनिमुद्रकही नादुरुस्त निघाला. तो विद्रूप आवाज मात्र त्यांनी आवडीने ठेवला. मुळाक्षरांचे ते दुःस्वप्न (आपल्या बालवर्गातील घोकंपट्टी आठवावी) त्या आवाजानेच अंगावर येते. अखेरीस पांढऱ्या चादरीवर उडणारे रक्त मला अनावश्यक वाटते. भय तोवर कानांवाटे पुरते आत शिरलेले असते.