‘समजते’, पण कोणाला?
फुटबॉल-प्रशिक्षकांच्या नेमणुकीच्या वार्तांचे एक परीक्षण

क्रीडावार्ता हा गद्यप्रकार आपल्या समीक्षेने आजवर फारसा विचारात घेतलेला नाही. सामन्याच्या वर्णनाकडे शैलीच्या दृष्टीने कधी कोणी पाहिले असेल. परंतु प्रशिक्षक म्हणून कोण येणार, कोण जाणार, कोणाशी बोलणी चालू आहेत, यासंबंधीच्या वार्ता म्हणजे घटकाभराची करमणूक, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. या वार्ता खोट्या ठरल्या म्हणजे क्रीडारसिक संतापतो आणि जाणते लोक त्याच्या संतापाला हसतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा संताप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच्या मुळाशी वाचकाचा एक रास्त प्रश्न आहे आणि तो प्रश्न कोणत्याही कथनाला विचारावा असाच आहे : हे सांगणारा कोण, आणि त्याला हे कळले कसे?

प्रथम भाषेकडे पाहू. ‘अमुक यांची निवड निश्चित झाल्याचे समजते’ हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. ‘समजणे’, ‘कळणे’ या क्रियापदांना मराठीत चतुर्थ्यंत पदाची अपेक्षा असते. मला समजते, त्यांना कळते. वृत्तपत्रीय वाक्यात नेमके हेच पद गाळलेले असते. ज्याला समजले तो वाक्यातून नाहीसा होतो आणि समजणे तेवढे उरते. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या प्रयोगाचीही तीच गत. संस्कृत नाटकातला सूत्रधार निदान रंगभूमीवर येऊन आपण कोण ते सांगतो. वार्तेतील ‘सूत्र’ मात्र अखेरपर्यंत पडद्याआडच राहते. गुप्ततेची गरज काही प्रसंगी खरोखरच असते, हे मान्य. परंतु प्रत्येक वाक्यात तीच सोय घेतली जाऊ लागली म्हणजे ती गरज न राहता शैली बनते.

न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले. पण तो शब्द आप्ताचा असेल तरच. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती यथार्थ ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, असा पुरुष. म्हणजे अटी दोन : ज्ञान आणि यथार्थ सांगण्याची इच्छा. प्रशिक्षकाच्या नेमणुकीत या दोन्ही अटी एकाच ठिकाणी सापडणे कठीण असते. सामना हजारो लोक पाहतात. त्याचा निकाल कोणाला बदलून छापता येत नाही. नेमणूक मात्र बंद दाराआड, चार-पाच माणसांत ठरते. त्यांपैकी ज्याला खरे ठाऊक असते त्याचा बहुधा त्यात स्वार्थ गुंतलेला असतो. मध्यस्थाला आपल्या प्रशिक्षकाचे वेतन वाढवून घ्यावयाचे असते. संघचालकांना लोकमताचा अंदाज घ्यावयाचा असतो. उलट, ज्याचा स्वार्थ नसतो त्याला सहसा काही ठाऊकही नसते. अशा स्थितीत वार्ता ही घटनेचे वृत्त न राहता घटनेचेच एक अंग होऊन बसते.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा, चेंडू हाती घेऊन धावण्याचा. परंतु तेथील विद्यापीठांच्या संघांविषयी लोकांची निष्ठा एवढी तीव्र असते की, प्रशिक्षकाची निवड हा संपूर्ण राज्याचा विषय होतो. लेस माइल्स हे 2007 साली लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. तारुण्यात ते मिशिगन विद्यापीठाकडून खेळलेले, आणि मिशिगनचे प्रशिक्षकपद त्याच सुमारास रिकामे होत होते. ते तिकडे जातील हे अनुमान सयुक्तिकच होते. मात्र 1 डिसेंबर 2007 रोजी, अटलांटा येथे लुइझियानाचा विभागीय अजिंक्यपदाचा सामना व्हावयाचा असताना, त्याच सकाळी ईएसपीएन या वाहिनीने माइल्स हे मिशिगनचे प्रशिक्षक होणार, असे वृत्त दिले. सामना सुरू होण्यास थोडाच अवधी उरला असताना माइल्स यांना वार्ताहरांपुढे येऊन त्याचा इन्कार करावा लागला. लुइझियानाने तो सामना 21-14 असा जिंकला, पुढे जानेवारी 2008 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविले आणि मिशिगनने रिच रॉड्रिगेझ यांची नेमणूक केली. वृत्त मुळातच चुकीचे होते की त्या वृत्तामुळेच घटनेचा ओघ पालटला, याविषयी वाद घालता येईल. पण हा वाद मिटविता येत नाही, हाच मुख्य दोष आहे. वार्तेने आपल्या ज्ञानाचे मूळ सांगितलेच नसल्यामुळे ती चुकली कोठे, हेही वाचकाला तपासता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग नाव दिले म्हणजे झाले. आपल्याच देशातील 2025 सालचे प्रकरण या समजुतीला धक्का देते. त्या वर्षी जून महिन्यात भारतीय संघ हाँगकाँगकडून पराभूत झाला; जुलैमध्ये जागतिक क्रमवारीत 133व्या स्थानापर्यंत घसरला; प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी पद सोडले. त्या जागेसाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे 170 अर्ज आले. जुलैच्या उत्तरार्धात वृत्त झळकले की, स्पेनचे विश्वविजेते खेळाडू आणि बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी हर्नांडेझ यांनीही अर्ज केला होता. परंतु त्यांचे मानधन परवडणारे नसल्यामुळे त्याचा विचार झाला नाही. या वृत्तामागे निनावी सूत्र नव्हते, महासंघातील जबाबदार व्यक्तीचे नावानिशी विधान होते. तरीही 26 जुलै रोजी महासंघाला जाहीर करावे लागले की, झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावे ई-मेलने आलेले अर्ज खरे नव्हते. येथे सांगणाऱ्याची प्रामाणिकता संशयास्पद नव्हती. त्याचे ज्ञान तेवढे कच्चे होते. आप्ताच्या दोन अटींपैकी एक पुरी झाली, दुसरी राहिली. कार्यालयाने पत्रावर विश्वास ठेवला, वृत्तपत्राने कार्यालयावर, आणि वाचकाने वृत्तपत्रावर. या साखळीत ‘कशावरून?’ हा प्रश्न वेळेवर कोणीच विचारला नाही.

तो प्रश्न विचारला गेला म्हणजे काय घडते, हे 2001 सालच्या एका प्रसंगात दिसते. जॉर्ज ओ’लिअरी यांची 9 डिसेंबर 2001 रोजी अमेरिकेतील नोत्रदाम विद्यापीठाच्या संघावर नेमणूक झाली. न्यू हॅम्पशर विद्यापीठाकडून तीन वर्षे खेळल्याचा आणि पदव्युत्तर पदवी घेतल्याचा उल्लेख त्यांच्या परिचयपत्रकांत वर्षानुवर्षे छापला जात होता. न्यू हॅम्पशरमधील एका वार्ताहराला त्यांच्या तरुणपणाविषयी एक साधा, गौरवपर लेख लिहावयाचा होता. त्यासाठी त्याने जुन्या मंडळींना दूरध्वनी केले, तेव्हा त्यांच्यासह खेळल्याचे कोणालाच आठवेना. पदवीचा उल्लेखही निराधार निघाला, आणि नेमणुकीपासून पाच दिवसांच्या आत राजीनामा जाहीर झाला. ज्या गोष्टी नामवंत विद्यापीठांनी आणि मोठ्या वृत्तसंस्थांनी छापील म्हणून खऱ्या मानल्या, त्या काही दूरध्वनींपुढे टिकल्या नाहीत. शोधपत्रकारितेचा हा काही मोठा पराक्रम नव्हे. तो वार्तालेखनाचा नित्यधर्म होय. तो अपवाद म्हणून स्मरणात राहावा, यातच रसिकाच्या तक्रारीचे समर्थन आहे.

अर्थात रसिक सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. मनासारखी अफवा खोटी ठरली तर तो ती विसरतो; मनाविरुद्धची खोटी ठरली तर वार्ताहराला धारेवर धरतो. शिवाय प्रत्यही नवे नाव त्यालाच हवे असते, आणि ही भूक नसती तर एवढे पीक आलेच नसते. हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यामुळे वार्ताहराची जबाबदारी कमी होत नाही. भुकेल्याला काय वाढावे, हा वाढणाऱ्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. दुसरे असे की, रसिकाचे प्रेम आंधळे असले तरी त्याची स्मृती तीक्ष्ण असते. कोणी कोणत्या दिवशी काय लिहिले, नंतर ते मुकाट्याने कसे बदलले, हे तो ध्यानात ठेवतो. पाठभेद टिपणारा संशोधक आणि संतापलेला रसिक यांच्यांत या एका बाबतीत तरी अंतर थोडेच आहे.

चुकीच्या वार्तेने नुकसान होते ते कोणाचे? झावींचे काहीच झाले नाही. त्या आठवड्यात खरी बातमी दुसरीच होती. निवडलेल्या तीन नावांत खालिद जमील हे नाव होते. मुंबईच्या क्लबात ज्यांनी वर्षानुवर्षे प्रशिक्षण दिले, 2017 साली ऐझॉलसारख्या छोट्या संघाला ज्यांनी देशाचे अजिंक्यपद मिळवून दिले, त्या जमील यांची 1 ऑगस्ट 2025 रोजी नेमणूक झाली. गोव्याचे सावियो मदेइरा 2011-12 मध्ये त्या पदावर होते. त्यानंतर एका भारतीयाकडे ते पूर्णकाळ येण्यास तब्बल तेरा वर्षे लागली. ही तेरा वर्षे का लागली, आपल्या प्रशिक्षकांविषयी आपणांसच विश्वास का वाटत नव्हता, याची चर्चा तेव्हा व्हावयास हवी होती. पण त्या दिवसांत पुष्कळशी जागा एका बनावट पत्राने आणि त्यावरील हास्यविनोदाने व्यापली. असत्य वार्तेचा खरा अपराध हा, की ती सत्य वार्तेची जागा अडविते. रसिकाच्या संतापात या अडविलेल्या जागेची जाणीव असते, मग त्याचे शब्द कितीही राकट असोत. त्याला योग्य शब्द देणे आणि ‘समजते’ या क्रियापदाजवळ गाळलेले चतुर्थ्यंत पद परत मागणे, एवढे कार्य तरी समीक्षेने आपले मानावयास हरकत नसावी.