जबड्याचें हाड आणि महाकवि गटे

जर्मन महाकवि गटे आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत दोन नात्यांनीं ओळखला जातो: 'फाउस्ट'चा कर्ता आणि शाकुंतलाचा चाहता. शाकुंतल डोक्यावर घेऊन तो नाचला, ही आख्यायिका तर आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु शाकुंतलाचें जर्मन भाषांतर १७९१ सालीं त्याच्या हातीं पडलें, त्याच्या सात वर्षें आधीं त्यानें जबड्याच्या एका हाडावर निबंध लिहिला होता, ही गोष्ट काव्यरसिकांच्या गांवींहि नसते. गटेच्या गद्याची परीक्षा करणाऱ्यानें हा निबंध वगळूं नये, असें आम्हांस वाटतें.

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या वरच्या जबड्यांत, अगदीं पुढच्या टोकाशीं, एक निराळें हाड असतें. त्यास सोयीसाठीं आपण मधलें हाड म्हणूं. वरचे पटाशीचे दांत असले तर ते याच हाडांत रुजतात. माणसाच्या कवटींत मात्र तें वेगळें दिसत नाहीं. तेवढ्यावरून डच शारीरज्ञ कांपर याच्यासारख्या मान्यवर विद्वानांनीं निकाल देऊन टाकला होता कीं, या हाडाचा अभाव हेंच मनुष्याचें वानरापासूनचें वेगळेपण. मनुष्याची थोरवी एका हाडाच्या अभावावर टांगण्याचा हा प्रकार गटेस रुचला नाहीं. १७८४ च्या मार्च महिन्यांत येना येथें लोडर या अध्यापकाच्या साहाय्यानें माणसांच्या व जनावरांच्या कवट्या ताडून पाहतां पाहतां त्यास टाळूवर, पुढच्या दांतांच्या मागें, त्या सांध्याची पुसट रेषा सांपडली. हाड होतेंच, तें शेजारच्या हाडाशीं लवकर एकजीव होतें, म्हणून डोळ्यांस चुकत होतें.

या निबंधाचा पहिला गुण हा कीं, गटे हाडाकडे पाहतो तें त्याच्या कामावरून. प्राणी आपलें भक्ष्य प्रथम ज्या भागानें धरतो तो हा भाग. तेव्हां जसा आहार तसा त्याचा घाट. बैलास वरचे पटाशीचे दांत नसतात. तो जिभेनें गवत ओढून घेतो आणि वरच्या कठीण हिरडीवर खालचे दांत टेकून तें तोडतो. म्हणून त्याचें हें हाड चपटें. घोडा दांतांनींच गवत खुडतो, म्हणून त्याचें भक्कम. हत्तीनें गटेस पुष्कळ छळलें. कासेलहून मागविलेली हत्तीची कवटी त्यानें आयझेनाख येथें आंतल्या खोलींत लपवून ठेविली होती. लोक वेडा म्हणतील ही भीति! कासवापासून हत्तीपर्यंत रूपें किती भिन्न, तरी मधल्या पायऱ्या लावीत गेल्यास तीं एका माळेंत बसतात, हें तो दाखवितो.

दुसरा गुण संयमाचा. मनुष्याचा पशूपासूनचा भेद कोणत्याहि एका अवयवांत शोधूं नये, हा या शोधाचा खरा निष्कर्ष त्यानें त्याच वर्षीं क्नेबेल या मित्रास पत्रानें कळविला. निबंधांत मात्र जाणूनबुजून उच्चारला नाहीं. कवीच्या हातीं असा विषय आल्यावर केवढें वक्तृत्व उसळावें! येथें हाडें बोलतात आणि कवि गप्प राहतो. तरीहि कांपरनें तें मत मानलें नाहीं, आणि निबंध छापून निघावयास १८२० साल उजाडलें.

दोषहि सांगितले पाहिजेत. पारिभाषिक लॅटिन नांवांच्या यादीनें वाचकाचा धीर सुटतो. शोधाचें श्रेयहि एकट्या गटेचें नव्हे. फ्रान्समध्यें विक द'आझीर यानें त्याच सुमारास हें हाड स्वतंत्रपणें ओळखलें होतें. शिवाय ज्या साम्यशोधक दृष्टीनें त्यास येथें यश दिलें तिनेंच पुढें त्यास चकविलें. १७९० सालीं व्हेनिसजवळ मेंढीची फुटकी कवटी पाहून कवटी म्हणजे मणक्यांचीच बदललेली रचना, असें त्यानें ठरविलें. १८५८ सालीं हक्सलेनें तें मत खोडून काढलें. साम्य दिसणें व साम्य सिद्ध होणें यांत अंतर आहे. तें जबड्याच्या निबंधांत राखलें गेलें, मेंढीच्या कवटीपाशीं सुटलें.

पण निबंधाची दिशा खोटी नव्हती. गटे वारल्यावर पांच वर्षांनीं, १८३७ सालीं, राइखर्टनें दाखविलें कीं, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा, तींच आपल्या कानांत सूक्ष्म होऊन ध्वनि पोंचवितात. अर्थात् एकाचें चावण्याचें साधन तें दुसऱ्याचें ऐकण्याचें! आणि गंमत अशी कीं, मनुष्याचें वेगळेपण जबड्यांत खरोखरच आहे, पण खालच्या. आपल्यासारखी पुढें आलेली हनुवटी वानरांस नाहीं, निअँडरथल मानवांसहि नव्हती. तरी हनुवटीवर मनुष्याचें श्रेष्ठत्व उभारावयास आज कोणी धजत नाहीं.

हनु म्हणजे जबडा. आपण ज्या वानरवीरास भक्तीनें नमस्कार करतों त्याचें नांवच या हाडावरून पडलें आहे. वानराशीं नातें निघाल्यानें मनुष्य हलका होतो ही भीति ज्यांस अजून वाटते, त्यांनीं गटेचा हा छोटा निबंध अवश्य वाचावा.