रमाबाईंची साक्ष आणि भाकरीचा प्रश्न

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे वाद सुरू होतो तो धर्मांतराचा. या वादाच्या धुरळ्यात त्यांचे एक लहानसे पुस्तक बहुतेकांच्या नजरेआड राहिले. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या या आत्मनिवेदनाच्या नावाचा अर्थ ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ असा होतो. रोजची भाकरी देव पुरवितो, ही ख्रिस्ती श्रद्धा त्याचा कणा आहे. भरल्या पोटी अशी श्रद्धा सांगणे सोपे असते. रमाबाईंनी उपासमार सोसली होती, आणि या पुस्तकाचे मोल तेथूनच सुरू होते.

पूर्वार्धात दुष्काळ आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडत होते. व्रते, उपवास, दानधर्म यांत कसूर नव्हती. देव पाठीशी उभा राहील याविषयी शंका नव्हती. हाती होते ते संपले, दागिने गेले, भांडी गेली. अखेर रानातल्या पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. आईवडील आणि थोरली बहीण थोडक्या काळात एकामागून एक गेली. येथे वाचकाच्या मनात उठणारा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही: शास्त्रीबोवांच्या श्रद्धेत काय उणे होते?

रमाबाईंची उत्तरे दोन आहेत. ते देवच खोटे, हे पहिले. हे उत्तर प्रचारकाचे आहे, आणि पुस्तकातला तो दुबळा भाग आहे. कारण वडिलांच्या निष्ठेचे जे चित्र त्यांनी स्वतः रेखाटले आहे, ते या निवाड्यात मावत नाही. दुसरे उत्तर त्या ओघात देऊन जातात: जातीचा व विद्वत्तेचा अभिमान आडवा आला, म्हणून आम्ही एखादा उद्योग शिकलो नाही, शिकलो असतो तर आईवडिलांना कदाचित वाचविता आले असते. सबंध पुस्तकात इतके खरे आणि इतके जड दुसरे काही मला आढळले नाही.

उत्तरार्धाची किल्ली येथेच आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कोणापाशी पैसा न मागता अनाथालये चालविली. त्याचा वृत्तांत, चायना इनलँड मिशनची हकीकत आणि जॉन पेटनचे चरित्र वाचून, हे हिंदुस्थानातही घडेल काय, असा विचार रमाबाईंच्या मनात आला. अमेरिकेतील मंडळीच्या मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्याआधीच, १८९६-९७ च्या दुष्काळातून, सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या होत्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या ‘मुक्ती’त जवळजवळ दोन हजार माणसे जेवत होती. तेथे प्रार्थना होती, तशाच विहिरी होत्या, शेती होती, माग होते, पुढे छापखानाही झाला. देवावर भार टाकणे म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ या बाईंनी घेतला नाही. वडिलांच्या घरी जे नव्हते ते त्यांनी परक्यांच्या लेकींच्या हाती दिले.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पैसा न मागता आला म्हणताना तो कोणत्या वाटेने आला, यावर पुस्तकाचा भर नाही. म्यूलरही आपले अहवाल छापीत असे. ‘मुक्ती’ची वार्ताही परदेशी छापील कागदावरूनच पोचत असे. ती वाचून ज्याने खिशात हात घातला, तोही या पुरवठ्यातला एक दुवा होता. त्याची नोंद ठळक झाली असती तर श्रद्धेला कमीपणा आला नसता. उलट ती अधिक पटली असती.

आणि जे दुष्काळात मेले त्यांचे काय? याचे उत्तर पुस्तकात नाही, आणि लेखिकेने नुसत्या वचनांनी ती जागा बुजविली असती तर आपण तिच्यावर विश्वास ठेवला नसता. नावातला ‘आमच्या’ हा शब्द तेवढा उरतो. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेतही भाकरी मागायची ती एकट्यापुरती नाही, सर्वांसाठी. आईवडिलांना घासभर अन्न न मिळालेल्या मुलीने पुढे दोन हजारांची पंगत मांडली. या साक्षीतला सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.