शाळकरी वह्यांतले नुस्खे

आयर्लंडच्या खेड्यांतील झाडपाल्याची औषधे आणि लोकसमजुती यांवर बरेच लिहिले गेले आहे. लेडी ग्रेगरी यांचा १९२० साली आलेला दोन खंडांचा संग्रह त्यांत नावाजलेला. पण ग्रेगरीबाई जमीनदार घराण्यातल्या. त्यांच्यापुढे कुळे किती मोकळेपणाने बोलली असतील, ही शंका राहतेच. म्हणून आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो मुलांनी जमवलेला ‘शालेय संग्रह’.

आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील ५०,००० मुलांच्या हाती हे काम दिले. आजी-आजोबांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून मुले लिहीत गेली. ‘नेटल’च्या पानाने अंगाची आग झाली तर ‘डॉक’चे पान चोळावे. खोकल्यावर कॅरागीन नावाचे समुद्रशेवाळ उकळून द्यावे. डांग्या खोकला असेल तर पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला उपाय विचारावा आणि तो सांगेल ते करावे! उपचार करणाऱ्याने पैसे घ्यायचे नाहीत, असाही दंडक जागोजाग आढळतो.

मूल ना हसते, ना भारावते. ऐकले ते लिहिते, आणि पुष्कळदा सांगणाऱ्याचे नाव-गावही नोंदवते. या लेखनाची खरी ताकद या साधेपणात आहे. मात्र मुलांच्या वह्यांतला निवडक मजकूर पुढे शाळेच्या मोठ्या वहीत उतरवला जाई. ही निवड शिक्षकाची. तेव्हा मुलांच्या मूळ वह्याही शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्ही सुचवू.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. येथे औषध आणि अपाय एकाच सुरात येतात. ‘फॉक्सग्लव्ह’पासून हृदयविकारावरचे औषध निघाले हे खरे, पण ती वनस्पती विषारीही आहे. टिपरेरी परगण्यातील ब्रिजेट क्लिअरी १८९५ साली आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, परीलोकातून आलेली बदली बाई आहे, असे नवऱ्याने ठरवले. तिला बळजबरीने काढे पाजले गेले, आणि अखेर नवऱ्याने तिला जाळले. या समजुतींना केवळ गोड जुन्या आठवणी समजणाऱ्यांनी ब्रिजेटला विसरू नये.

आज हा संग्रह इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. तो जरूर वाचावा. आजीचा शब्द नातवाने जसाच्या तसा टिपावा, हे आम्हा शिक्षकांना शिकण्यासारखे आहे. पण त्यातला नुस्खा वर्गात सांगताना ती वनस्पती पोटात गेली तर काय होईल, हेही त्याच तासाला सांगायला हवे.