बंदर कुठे आहे?

टर्नरचे मूळ चित्र मी पाहिलेले नाही. ते लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. माझ्याजवळ आहे ती एक छापील प्रत. नाशिकच्या आमच्या उर्दू शाळेत नववीच्या वर्गात ती मी भिंतीला टाचते. तूफान, किश्ती, नाखुदा, साहिल हे शब्द आमच्या मुलांना गझलांतून पाठ असतात. समुद्र मात्र दोघाचौघांनीच पाहिलेला असतो. म्हणून हे चित्र. त्याचा अर्थही मी वर्षानुवर्षे ठरलेलाच सांगत आले : आगबोट म्हणजे माणूस, वादळ म्हणजे संकट आणि बंदर म्हणजे उमेद.

तो अर्थ चुकला, असे आता वाटते.

१८४२ साली प्रदर्शित झालेल्या या तैलचित्रात मधोमध एक आगबोट कलली आहे. तिचा काळा धूर, बर्फ, लाटा आणि आभाळ एकाच भोवऱ्यात गरगरताहेत. डोलकाठीमागे पांढरा उजेड आहे. क्षितिज सरळ नाही, त्यामुळे पाहणाऱ्याच्याही पायांखाली जमीन राहत नाही. तेव्हाच्या एका टीकाकाराने याला साबणाचा फेस आणि चुना म्हटले, ते टर्नरला फार लागले होते.

पण चित्राचे लांबलचक नाव नीट वाचावे. बंदराच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, इशारे देत, दोरीला बांधलेल्या शिशाने खोली मोजत चाललेली आगबोट, असे त्यात आहे. काव्य कुठेच नाही, सगळा कामाचा तपशील. रत्नागिरीकडचे माझे एक मामू जहाजावर खलाशी होते. त्यांना प्रत दाखवली, तर त्यांनी रंगांकडे पाहिलेही नाही. नाव वाचून दाखवल्यावर ‘उथळ पाणी’ या शब्दांवर मात्र त्यांनी मान हलवली. भर दर्यात वादळ झेलता येते, घात होतो तो तळ जवळ आल्यावर, असे त्यांचे म्हणणे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तीही किनाऱ्यापासून फार दूर नव्हतीच. आपल्या शायरीतला साहिल नेहमी वाचवणारा. टर्नरच्या चित्रात धोका आहे तो साहिलजवळच.

त्याच नावात टर्नरने पुढे जोडले आहे की, ‘एरियल’ हारविचहून निघाली त्या रात्री कर्ता स्वतः या वादळात होता. आपण डोलकाठीला चार तास बांधून घेतले, असेही तो म्हणाल्याचे सांगतात. आता ही रिवायत तपासू. टर्नरने सांगितले किंग्जली नावाच्या पाद्र्याला, त्याच्याकडून ते आले रस्किनकडे आणि रस्किनने छापले टर्नर वारल्यावर. शिवाय व्हर्ने या फ्रेंच चित्रकाराबद्दल अशीच गोष्ट आधीपासून प्रचलित होती. हारविचहून निघालेल्या अशा ‘एरियल’चा पत्ता अभ्यासकांना लागलेला नाही. १८४० च्या नोव्हेंबरात हारविचहून निघून सगळ्या माणसांसह बुडाले ते ‘फेअरी’ जहाज, आणि त्याचे काम होते समुद्राची खोली मोजण्याचे! टर्नरच्या मनात तेच होते का, सांगता येत नाही. सनद कच्ची आहे, हे मात्र कबूल करावे लागते. तरी मला चित्र खोटे वाटत नाही. बांधून घेण्याची कथा पराक्रमाची आहे. शिसे पाण्यात सोडून वाव मोजणे पराक्रमाचे नाही, आणि साक्ष मला त्यातच दिसते.

मुलांना हे समजावताना मी गोदावरीच्या पुराकडे वळले. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याला, एवढेच सारे नाशिक तेव्हा विचारते. ते त्यांना चटकन कळले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “टीचर, पण बंदर कुठे आहे?” पूर्वी कुणी विचारले की मी धुरामागे कुठेतरी बोट ठेवत असे. या वेळी प्रत भिंतीवरून काढून तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून बराच वेळ शोधले.